पहिला आठवडा इंजिनात: ट्रेन सिम्युलेटर नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात परीख पुलाखालून सायकल काढताना वरून इंजिन जायला लागलं, की मी कडेला थांबायचो. शाळेला उशीर झाला तरी चालायचं. त्यामुळे संगणकावर ट्रेन सिम्युलेटर, म्हणजे इंजिनात बसून गाडी चालवायचा खेळ, बसवला त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, आता रात्रभर उठायचं नाही. झालं उलटंच. पॅसेंजर गाडी घेतली, मस्त वेग धरला, स्टेशन दिसल्यावर ब्रेक लावला आणि फलाट संपून पार पुढच्या शेतात जाऊन थांबलो. दुसऱ्या वेळी घाबरून लवकर ब्रेक लावला, तर फलाटाच्या अर्धा किलोमीटर अलीकडेच गाडी उभी. तिसऱ्या वेळी संगणक बंद केला.

पुढच्या रविवारी मिरजेला काकांकडे गेलो. काका लोको पायलट म्हणून निवृत्त झालेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी कोणबी पळवतंय. फलाटाला उभी करून दाखव."

इथून पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलंय. नवीन माणूस पहिल्या दोन-तीन दिवसांत हा नाद सोडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या क्रमामुळे. आधी देखावे, मग वेग, मग भारतीय इंजिनांचा शोध, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. तुम्ही क्रम फिरवा.

१. कुठला सिम्युलेटर घ्यायचा

मोबाइलवर चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हचा 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर' आहे. बरेच जण तिथून सुरुवात करतात आणि आपल्या गाड्या, आपल्या घोषणा ऐकून बरं वाटतं. चव घ्यायला तो चांगला आहे. पण खऱ्या गाडीसारखा ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब सांभाळत गाडी चालवायची असेल, तर संगणकच लागतो.

संगणकावर चार नावं कानावर येतील.

ओपन रेल्स: पूर्ण मोफत, मुक्त स्रोत, विंडोजवर चालतो. मायक्रोसॉफ्टने २००१ साली ट्रेन सिम्युलेटर आणला होता, त्याच्या रचनेतले मार्ग आणि गाड्या हा वाचतो. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या छंदी लोकांनी केलेलं काम इथे वापरता येतं. जुन्या संगणकावरही चालतो.

ट्रेन सिम्युलेटर क्लासिक: डव्हटेल गेम्सचा. २००९ मध्ये 'रेलवर्क्स' नावाने आला तोच हा. पैसे द्यावे लागतात, पण बसवायला सोपा.

ट्रेन सिम वर्ल्ड: हाही डव्हटेलचाच. यात तुम्ही इंजिनात चालत जाऊन खुर्चीवर बसता, दार उघडता, एकेक स्विच हाताने लावता. दिसायला सगळ्यात देखणा, आणि संगणकाकडून मागणीही सगळ्यात जास्त. चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

ट्रेन्झ: ऑस्ट्रेलियात जन्मलेला. ज्याला स्वतः रूळ टाकायचे, गाव वसवायचं, त्याच्यासाठी उत्तम.

माझं मत स्पष्ट आहे. फाइली इकडच्या तिकडे करायची तयारी असेल तर ओपन रेल्स घ्या. ती कटकट नको असेल तर क्लासिक घ्या, तोही सवलतीच्या दिवसांत. पहिल्या महिन्यात एकाहून जास्त मार्ग विकत घेऊ नका. या गेमचा मूळ भाग स्वस्त असतो आणि खरा खर्च पुढच्या मार्गांवर, इंजिनांवर होतो. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खरेदी केली असेल आणि जमलं नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात. हे दोन तास डाउनलोडमध्ये मोजले जात नाहीत, पण गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळ मोजला जातो.

आता कोल्हापूरकराचा पहिला प्रश्न: महालक्ष्मी एक्सप्रेस चालवता येईल का? ओपन रेल्ससाठी छंदी लोकांनी भारतीय इंजिनं आणि डबे बनवलेले आहेत. पण सुरुवात तिथून करू नका. गाडी दिसायला हुबेहूब असते, पण आतल्या फाइलीतले ब्रेकचे आकडे दर वेळी बरोबर असतातच असं नाही. एखादी गाडी खेळण्यातल्या मोटारीसारखी जागेवर थांबते, एखादी थांबतच नाही. आधी नीट जमवलेल्या गाडीवर हात बसवा. मग चुकलेली गाडी तुम्हाला पाच मिनिटांत ओळखू येईल.

२. काय काय लागेल

- विंडोज असलेला संगणक किंवा लॅपटॉप. ओपन रेल्ससाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मला दुकानात उगाच एक माथी मारलं गेलं. आधी आहे त्या संगणकावर चालवून बघा.
- माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर इंजिनातला दांडा ओढणं फार त्रासाचं होतं.
- हेडफोन. ब्रेकचा फुसकारा, इंजिनाचा चढता-उतरता आवाज यावरून बरंच कळतं.
- झिप उघडणारं सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस.
- वही आणि पेन. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू. कारण सहाव्या पायरीला कळेल.

जॉयस्टिक, दांड्यांचा वेगळा संच वगैरे आत्ता अजिबात नको.

३. बसवताना

क्लासिक किंवा ट्रेन सिम वर्ल्ड घेतला असेल तर ही पायरी ओलांडा. स्टीम सगळं करून देतं.

ओपन रेल्स म्हणजे निव्वळ सिम्युलेटर. मार्ग, इंजिनं, डबे वेगळे आणावे लागतात. त्यांच्यासाठी 'सी' ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये जागा करू नका. तिथे विंडोज फाइली लिहू देत नाही आणि मग विचित्र चुका येतात. सरळ 'डी' ड्राइव्हवर 'रेल्वे' नावाचा फोल्डर करा आणि त्यात मार्ग ठेवा. मग ओपन रेल्सच्या पर्यायांमध्ये जाऊन तो फोल्डर दाखवा.

मार्गाच्या मुख्य फोल्डरात निदान 'ग्लोबल', 'राउट्स' आणि 'ट्रेन्स' ही तीन नावं दिसली पाहिजेत. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात: झिप उघडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो, 'रेल्वे'च्या आत मार्गाचं नाव, त्याच्या आत पुन्हा तेच नाव. मग यादीत काहीच दिसत नाही. एक थर काढून टाका, लगेच दिसेल.

दुसरा सापळा रूळ गायब होण्याचा. मार्ग उघडतो, झाडं-घरं असतात, पण रूळ मध्येच नाहीत. 'ग्लोबल' फोल्डरात 'टीसेक्शन डॅट' नावाची फाइल असते, तिच्यात रुळांच्या प्रत्येक तुकड्याची नोंद असते. ती जुनी असेल तर नवे तुकडे सिम्युलेटरला माहीतच नसतात. नवी फाइल आणून त्या जागी ठेवा, जुनीची प्रत मात्र बाजूला जपा.

काही बिघडलं तर डेस्कटॉपवर 'ओपन रेल्स लॉग' नावाची मजकूर फाइल तयार झालेली असते. ती उघडून शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. कुठली फाइल सापडली नाही ते नावानिशी लिहिलेलं असतं. कोणाला मदत मागायची तर याच ओळी दाखवा.

'सगळे मार्ग एकाच फाइलीत फुकट' असं सांगणाऱ्या जागांपासून लांब राहा. तशीच एक फाइल मी उतरवली आणि संगणक पूर्ण पुसून पुन्हा विंडोज टाकावं लागलं. बहिणीच्या लग्नाचे फोटो वेगळ्या डिस्कवर होते म्हणून वाचले. शिवाय कोणी रात्री जागून बनवलेलं काम विचारल्याशिवाय असं वाटून टाकणं बरोबरही नाही.

४. पहिली संध्याकाळ: गाडी हलवायची नाही

मार्ग निवडा, 'एक्सप्लोर राउट' घ्या, म्हणजे वेळापत्रक नाही, काम नाही, कोणी मागे लागलेलं नाही. इंजिनात बसा आणि फक्त बटणं शिका. ओपन रेल्समध्ये एवढी पुरतात:

- डब्ल्यू आणि एस: रिव्हर्सर, म्हणजे गाडीची दिशा ठरवणारा दांडा, पुढे आणि मागे.
- डी आणि ए: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, डीने वाढतं आणि एने कमी होतं.
- अर्धविराम आणि त्याच्या शेजारचं अवतरणचिन्ह: गाडीचा ब्रेक, पहिल्याने सुटतो, दुसऱ्याने लागतो.
- चौकटी कंस: फक्त इंजिनाचा ब्रेक, डाव्याने सुटतो, उजव्याने लागतो.
- स्पेसबार: हॉर्न. एच: दिवा. पी: विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा.
- बॅकस्पेस: आपत्कालीन ब्रेक.
- एफ४: पुढचा मार्ग, सिग्नल, वेगमर्यादा दाखवणारी पट्टी. एफ५: दाबाचे आकडे. एफ२: खेळ साठवणे.

एफ२ वारंवार दाबा. वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली, की तासाभराची फेरी जाते.

लक्षात ठेवा, डव्हटेलच्या दोन्ही गेममध्ये थ्रॉटलची बटणं उलटी आहेत: ए वाढवतं, डी कमी करतं. एकाची सवय करून दुसऱ्यात गेलात तर फलाटाला लागताना गाडीला जोर द्याल. म्हणून निदान महिनाभर एकच सिम्युलेटर धरा.

पर्यायांमध्ये दाबाचं एकक बदलता येतं. ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर करा. आपल्याकडे इंजिनातली माणसं किलोतच बोलतात, आणि पुढचे आकडे त्यातच दिलेत. 'सिंपल कंट्रोल' असा एक पर्याय आहे, तो बंद ठेवा. त्याने गाडी पहिल्या दिवशी सोपी होते आणि शिकणं तिथेच थांबतं.

५. हलवणं

हे लवकर जमतं. इंजिनाचा ब्रेक लावलेला ठेवा, रिव्हर्सर पुढे घ्या, गाडीचा ब्रेक सोडा आणि थांबा. लांब गाडीत हवा शेवटच्या डब्यापर्यंत भरायला वेळ लागतो. एफ५ मध्ये शेवटच्या डब्याच्या ब्रेक सिलिंडरचा (चाकांवर ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचा) आकडा शून्यावर आला, मग इंजिनाचा ब्रेक सोडा आणि पहिला नॉच, म्हणजे थ्रॉटलचा पहिला टप्पा, द्या. गाडी सरकू द्या. मग दुसरा. डिझेल इंजिनाला आठ नॉच असतात म्हणून एकदम आठवा देऊ नका, चाकं घसरतात. पावसाचं हवामान निवडलं असेल तर जास्तच. घसरली तर आधी नॉच कमी करा, मग एक्स दाबून रुळावर वाळू सोडा, म्हणजे चाकं धरतात.

६. थांबवणं

इथे घाई करू नका. पहिल्या आठवड्यातले तीन-चार दिवस यालाच द्या.

आधी हवेचं गणित. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक ब्रेक पाइप जातो. काकांच्या तोंडी 'बीपी'. आपल्या रेल्वेत त्यात ५ किलो दाब असतो. दाब पूर्ण म्हणजे ब्रेक मोकळा. लोको पायलट 'ए-नाइन'चा, म्हणजे गाडीच्या ब्रेकचा, दांडा फिरवतो तेव्हा तो पाइपमधली हवा बाहेर सोडतो. दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याखालचा व्हॉल्व्ह साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरला देतो. म्हणजे दाब कमी केल्यावर ब्रेक लागतो. नवीन माणसाच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं, आणि म्हणूनच आकडे वाचता येत नाहीत. या उलट्या रचनेमागे कारण आहे: डबे जोडणारं कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर पाइप फाटतो, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

५ वरून ४.५ वर आणलं, की तो सगळ्यात हलका ब्रेक. १ किलोने उतरवून ४ वर आणलं की चांगला जोर येतो. दीड किलोने उतरवून ३.५ वर आणलं की पूर्ण ब्रेक. त्याखाली हवा सोडून ब्रेकचा जोर फारसा वाढत नाही, फक्त परत भरायला वेळ लागतो. ब्रिटिश गाड्यांमध्येही आकडे साधारण असेच, ५ बारच्या आसपास. अमेरिकन मालगाडीत मात्र बहुधा ९० पीएसआय दिसेल. बार आणि पीएसआय ही दाबाचीच एककं.

आता अंतर. वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या बेताने उतरतो असं धरा. ताशी ४० वरून थांबायला सुमारे १२५ मीटर लागतात. ८० वरून? अडीचशे नव्हे, पाचशेच्या जवळ. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. ११० वरून साडेनऊशेच्या आसपास. यात हवा उतरून ब्रेक धरेपर्यंतचे तीन-चार सेकंद धरलेलेच नाहीत, आणि ८० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ७० ते ९० मीटर गेलेली असते. फलाट दिसल्यावर ब्रेक लावणारा फलाट का ओलांडतो, ते यातच आलं.

सराव असा करा. सपाट, सरळ रुळावर एखादी खूण निवडा: खांब, झाड, फाटक. ४० चा वेग धरा आणि इंजिनाचं तोंड त्या खुणेपाशी थांबवायचा प्रयत्न करा. दहा वेळा. वहीत तीन रकाने: ब्रेक कुठे लावला, किती किलो उतरवला, खुणेच्या अलीकडे की पलीकडे किती मीटर थांबलो. दहा ओळी भरल्या की तुमच्या गाडीचा स्वभाव कागदावर येतो. मग ६०, मग ८०. माझ्या वहीत चौथ्या दिवशी पहिल्यांदा 'पलीकडे ५ मीटर' असं लिहिलं गेलं. ती ओळ मी लाल पेनने गोल करून ठेवलीय.

ब्रेक लावायचा क्रम असा. थ्रॉटल आधी शून्यावर आणा. अर्धा किलो उतरवा आणि थांबा. पाच-सहा सेकंद काहीच होत नाही असं वाटेल, तेव्हा घाबरून आणखी उतरवू नका. सगळ्यांची चूक इथेच होते. पहिल्या ब्रेकचा परिणाम यायच्या आधी दुसरा, तिसरा लावला जातो, मग तिन्ही एकदम धरतात आणि गाडी फलाटाच्या अलीकडे मरते. परिणाम बघा, मग लागेल तेवढाच वाढवा. वेग ताशी दहाच्या खाली आला की ब्रेक थोडा सोडा, म्हणजे थांबताना धक्का बसत नाही. मागच्या डब्यात कोणी चहाचा कप धरून उभा आहे असं समजा.

ब्रेक थोडासा सोडता येतो का, हे गाडीवर अवलंबून असतं. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांचा ब्रेक टप्प्याटप्प्याने सुटतो. अमेरिकन मालगाडीत एकदा सोडायला सुरुवात केली की तो पूर्णच सुटतो. ओपन रेल्समध्ये 'ग्रॅज्युएटेड रिलीज' नावाचा पर्याय आहे. भारतीय प्रवासी गाडीसाठी तो चालू करा. अमेरिकन मालगाडीत मात्र लाव-सोड, लाव-सोड केलं तर डब्यांखालच्या टाक्या रिकाम्या होतात आणि नेमक्या वेळी ब्रेक लागत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. फलाटावर फक्त इंजिन नाही, अख्खी गाडी लागली पाहिजे. एक डबा साधारण २४ मीटर. १८ डबे म्हणजे ४३० मीटर, वर इंजिन. तुम्ही इंजिनातून बघता तेव्हा फलाटाचं दुसरं टोक हेच तुमचं लक्ष्य.

७. सिग्नल

आपल्याकडचे चार रंग माहीत असतील तर ब्रिटिश मार्ग जवळचा वाटेल. लाल म्हणजे थांबा, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा, दोन पिवळे म्हणजे त्याही आधीची सूचना, हिरवा म्हणजे मोकळं. जर्मन आणि अमेरिकन सिग्नलची भाषा वेगळी आहे, ती नंतर शिका. पिवळा दिसला की हात थ्रॉटलवरून ब्रेकवर गेला पाहिजे, लालची वाट बघायची नाही. लालला उभे असाल आणि काहीच हलत नसेल, तर ओपन रेल्समध्ये टॅब दाबून परवानगी मागता येते. ती मिळाली तरच निघा.

८. घाट, आणि तो दुसऱ्या आठवड्यात

सपाटावर हात बसल्याशिवाय उताराला जाऊ नका. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर काय करतो ते आठवा: गाडी खालच्या गिअरमध्ये धरतो, ब्रेक राखून ठेवतो. रेल्वेतही तेच. इंजिनाला डायनॅमिक ब्रेक असेल तर मोटरच जनरेटरसारखी चालते आणि गाडीला मागे धरते. ओपन रेल्समध्ये तो पूर्णविरामाच्या बटणाने वाढतो, स्वल्पविरामाने कमी होतो. वेग वाढायच्या आधी तो लावा, हवेचा ब्रेक जोडीला हलका. वेग हाताबाहेर गेल्यावर उतारावर गाडी आवरणं फार अवघड असतं.

महालक्ष्मीने मुंबईला गेलेल्यांनी खंडाळ्याचा घाट रात्री झोपेत पार केलेला असतो. तिथे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर. येताना कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात ती याचसाठी. त्या मानाने इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाइल मार्गावरचा सगळ्यात तीव्र चढ १०० ला १ चा आहे, आणि तोही तिथल्या वाफेच्या इंजिनांचा घाम काढायचा. घाटाची सुरुवात अशा मार्गावरून करा.

९. मिरजेपर्यंत एक फेरी

हे घरात बसून होत नाही, पण याने जेवढं शिकलो तेवढं कशाने नाही. कोल्हापूर-मिरज रूळ १८९१ पासून आहे, आणि कोल्हापूर हे त्याचं शेवटचं स्टेशन. थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीचं तिकीट काढा. इंजिनाजवळच्या डब्यात खिडकीशी बसा, वही घ्या. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, प्रत्येक स्टेशनाआधी गाडीचा जोर कधी बंद होतो, पहिला ब्रेक कधी लागतो, तिथून फलाट किती सेकंदांनी येतो, ते लिहा. ब्रेक लागताना डब्याखालून येणारा आवाज आणि हलका ओढा यावर लक्ष ठेवा. रुळाकाठी 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी दिसली की हॉर्न ऐका, पुढे फाटक आहे. दारात उभं राहून हे करायचं नाही, खिडकीतून सगळं कळतं.

परत येताना रुकडी सोडली की पंचगंगेचा पूल लागतो, मग वळिवडे, गूळ मार्केट, आणि गाडी हळूहळू सावकाश होत जाते. मी घड्याळ लावून बसलो होतो. आपण फलाट दिसल्यावर करायचो ते सगळं त्या माणसाने केव्हाच करून ठेवलं होतं. घरी येऊन त्याच सेकंदांनी ब्रेक लावून बघितला, आणि गाडी पहिल्याच प्रयत्नात फलाटाला लागली. वही घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले आणि विचारलं, "आता अठरा डब्यांनी बघितलास का?"